पाळलेला साप फुत्कारतो तेव्हा

पाळलेला साप फुत्कारला, की घरातून पहिला शब्द ऐकू येतो तो ‘चिडला’. पाठोपाठ ‘आता डूख धरते पाहा’ असं कुणीतरी म्हणतंच. नागपुरात हे बोलणं साहजिक आहे. श्रावणात इथून नागद्वारच्या यात्रेला घरंच्या घरं निघतात, नागपंचमीला पाटावर नाग काढून त्याला लाह्या-दूध दाखवतात. आपल्या मनातला साप नेहमीच कुणीतरी मोठा असतो: देव, वैरी, धनाचा राखणदार. पण काचेच्या टँकमध्ये राहणारा दीड किलोचा बॉल पायथन जातीचा अजगर यांपैकी कुणीही नसतो. तो एक भित्रा प्राणी असतो. त्याचं फुत्कारणं, आक्रसून बसणं, झेप घेणं बहुतेक वेळा भीतीतून येतं. आणि त्या भीतीला जवळपास नेहमीच एखादं कारण असतं, जे शोधून काढता येतं. ‘याचा स्वभावच चिडका आहे’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण त्याने सापाचा त्रास तसाच राहतो आणि पाळणाऱ्याच्या हाताला दात लागतात.

डुखाबद्दल आधी बोलून घेऊ, म्हणजे तो विषय मागे पडेल. एखाद्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवून पुढे कधीतरी त्याचा सूड घ्यायला येणं सापाला जमत नाही, त्याचा मेंदू त्या कामाचा नाही. पण साप शिकतो, हे मात्र खरं. टँकचं झाकण उघडलं की उंदीर मिळतो, हे त्याला कळतं. झाकण उघडलं की वरून येऊन कुणीतरी गच्च पकडतं, हेही कळतं. आपण त्याला यातलं काय शिकवतो, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

भीती कुठून येते

सापाला हातपाय नाहीत, नख्या नाहीत, पापण्या नाहीत. दूरवर धावत राहण्याचा दमही त्याच्यात नसतो. शेकडो मणक्यांची, बारीक फासळ्यांची लांब माळ आणि तिच्यावर पातळ कातडी, असं ते शरीर असतं. एक जोराचा दाब किंवा एक आपट त्याला कायमचं जायबंदी करू शकते. आपल्याकडच्या जंगलात मोर, मुंगूस, सर्पगरुड सगळेच साप खातात, आणि पक्ष्यांचा हल्ला वरून येतो. म्हणूनच टँकच्या वरच्या तोंडातून सरळ खाली येणारा हात, तो कितीही मायेचा असो, सापाला घार झडप घालतेय तसाच दिसतो.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या गवताळ भागात तो दिवसभर उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत पडून असतो आणि रात्री बाहेर निघतो. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असलं, की त्याला सुरक्षित वाटतं. अशा प्राण्याला चार पारदर्शक काचांच्या मध्ये, वर ट्यूबलाइट लावून ठेवलं आणि लपायला जागा दिली नाही, तर तो चोवीस तास उघड्यावर पडल्यासारखा असतो. आपल्याला तो ‘शांत बसलेला’ दिसतो, पण आतून तो ताणलेला असतो.

दुसरा साप जो आता घराघरात दिसू लागलाय तो कॉर्न स्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तो सडपातळ, चपळ, चढण्यात पटाईत. त्याची भीती पळण्यात दिसते, बॉल पायथनची थिजण्यात. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

चावा सर्वांत शेवटी येतो

सापाच्या बचावाला क्रम असतो. स्वस्तातला उपाय आधी, महागातला शेवटी. चावणं सापाला महाग पडतं: तोंड शत्रूच्या इतक्या जवळ न्यावं लागतं, दात मोडू शकतात, डोक्याला इजा होऊ शकते. विषारी सापाचं विषही खर्च होतं, जे त्याला शिकारीसाठी हवं असतं. म्हणून तो आधी लपतो, लपता आलं नाही तर निश्चल पडतो, तेही भागलं नाही तर पळायला बघतो. मग स्वतःला मोठं किंवा भयंकर दाखवतो, आवाज करतो, घाण वास सोडतो. त्यानंतर खोटी झेप, आणि तीही वाया गेली तर खरी.

हे समजून घ्यायला लांब जायला नको, आपल्या भोवतीचेच साप पाहा. नाग फणा काढतो तेव्हा तो हल्ला करत नसतो, ‘मला दिसतोयस, मागे हो’ असं सांगत असतो. पुष्कळदा तो तोंड मिटूनच पुढे झेपावतो आणि नाकाने धडक देतो. गारुड्याच्या पुंगीपुढे तो डोलतो असं आपण लहानपणापासून ऐकलंय. तो सुरावर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो, आणि फणा उभारलेला म्हणजे तो त्या सगळ्या वेळात घाबरलेलाच असतो. घोणस अंग फुगवून वेटोळं घालते आणि लांबलचक, मोठा फुत्कार काढते. फुरसं अंगाचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. धामण मान उभी फुगवते, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते. बिनविषारी असूनही तिच्या या अवतारामुळे लोक तिला नाग समजून मारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मांडूळ तर तोंड वेटोळ्यात खुपसून आखूड, बोथट शेपटी वर काढतो, म्हणजे शत्रूने चुकून शेपटीवर घाव घालावा आणि डोकं वाचावं. एवढा साधा बचाव. पण त्यावरून ‘दोन तोंडांचा साप’ आणि त्यावरून गुप्तधनाच्या कहाण्या तयार झाल्या, आणि या निरुपद्रवी जनावराची तस्करी सुरू झाली.

आता टँककडे वळू. बॉल पायथन घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो. तो तसा तळहातावर बसला की लोक म्हणतात, ‘किती शांत आहे बघा, अजिबात हलत नाही.’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. गोळा हा त्याचा सर्वांत मोठा बचाव आहे. त्या वेळी त्याला हातोहाती फिरवणं, पाहुण्यांच्या गळ्यात घालणं, फोटो काढणं म्हणजे त्याने दिलेला स्पष्ट नकार न ऐकणं. कॉर्न स्नेक शेपटीचं टोक भराभर थरथरवतो. खाली वर्तमानपत्र असलं की टरटर आवाज येतो. घाबरलेले दोघेही शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतात, सोबत विष्ठाही. नुकतंच खाल्लेलं असेल तर गिळलेला उंदीर बाहेर टाकतात, कारण जड पोटाने पळता येत नाही.

पिल्लं यात मोठ्यांपेक्षा पुढे असतात. पेन्सिलीएवढं कॉर्न स्नेकचं पिल्लू झेपेवर झेप घेतं. त्याला खाणारे प्राणी मोठ्या सापापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे ते सगळ्यांनाच घाबरतं. वय वाढेल, अंग भरेल, तसं हे पुष्कळदा आपोआप कमी होतं.

जवळून पाहा

फुत्काराच्या आधी साप बरंच काही सांगून झालेला असतो. जीभ पाहा. निवांत साप जीभ लांब काढतो, वरखाली सावकाश हलवतो, आत घेतो. जिभेवर आलेले वासाचे कण टाळूतल्या गंधेंद्रियाकडे जातात. तो परिसर हुंगत असतो. धास्तावलेल्या सापाची जीभ आखूड आणि भराभर हलते, किंवा लपलपणं एकदम थांबतं. साप तुमच्याकडे तोंड करून स्थिर आहे आणि जीभ आतच आहे, तर हात घालायची वेळ ती नव्हे.

मग मान पाहा. निवांत सापाची मान जमिनीवर सैल टेकलेली असते. बचावाच्या तयारीत तो डोकं थोडं उचलतो आणि मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून मागे घेतो. झेप याच दुमडीतून निघते. मग श्वास: कुशी भरभर वरखाली होताना दिसतात. हातावर घेतला असेल तर बोटांनाच कळतं. निवांत साप वजन टाकून देतो, अंग मऊ लागतं, तो सावकाश वाट काढत पुढे जातो. ताणलेल्या सापाचे स्नायू दोरखंडासारखे कडक लागतात, आणि एखाद्या वेळी तो अंग झटकतो. त्या झटक्याला ‘मला खाली ठेव’ असं समजावं आणि ठेवावं.

एक मोठा घोटाळा भुकेबाबत होतो. भुकेपोटी घेतलेली झेप आणि भीतीपोटी घेतलेली झेप वेगळ्या असतात, त्यांचे उपायही वेगळे. भुकेला साप आवाज करत नाही. तो पुढे पुढे येतो, एकाच जागी नजर लावतो, आणि झेप घेतली की सोडत नाही, विळखा घालतो. घाबरलेला साप फुत्कारतो, मागे सरतो, झेप घेतली तरी क्षणात सोडून परत वेटोळ्यात जातो. हाताला उंदराचा वास असेल तर पहिली शक्यता जास्त. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात. अंधाऱ्या टँकमध्ये उंदराच्या वासाचा गरम हात शिरला, तर त्याने तो उंदीरच समजावा यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून उंदीर लांब चिमट्याने द्यावा, हात धुऊनच सापाला उचलावं, आणि उचलण्याआधी अंगाच्या मध्यभागी हुकने किंवा गुंडाळलेल्या कागदाने हलका स्पर्श करावा. काही दिवसांत त्याला कळतं की हा स्पर्श म्हणजे जेवण नाही.

जिवंत उंदीर मात्र देऊच नये. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावतो, कधी पाठीचं मांस कुरतडतो, आणि असा चावा खाल्लेला साप पुढे पुढे अन्नालाही घाबरतो. फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात नीट वितळवून दिला की प्रश्न मिटतो.

नागपूरचा मे

कारणं एकेकटी येत नाहीत, एकमेकांवर साचत जातात. याचं उदाहरण माझ्या भाच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे एक बॉल पायथन आहे, वर्षभर अगदी गुणी. मे महिन्यात त्याचा फोन आला, ‘मामा, हा आता मले पाहूनच फुत्कारते. काल त झेपच घेतली. काऊन चिडला असन?’

संध्याकाळी गेलो. पश्चिमेच्या खिडकीत डेझर्ट कूलर, आणि कूलरच्या लोखंडी स्टँडला खेटून लाकडी टेबल, त्यावर टँक. टेबलावर बोट टेकवलं तर कूलरची घरघर हाडापर्यंत जाणवत होती. सापाला कानाची भोकं नसतात, पण त्याचा आतला कान खालच्या जबड्याशी हाडांनी जोडलेला असतो. जबडा जमिनीवर टेकलेला, म्हणजे जमिनीतला प्रत्येक कंप थेट आत. कमी पट्टीचे काही आवाज त्याला हवेतूनही कळतात. हा साप दिवसभर त्या थरथरीवर झोपत होता.

टँकमधल्या थंड बाजूला थर्मामीटरची तार ठेवली. आकडा ३६ अंशांवर गेला. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश लागते आणि थंड बाजू २५ ते २७. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, ती इकडून तिकडे सरकून कमी-जास्त करतो. दोन्ही बाजू तापल्या तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. त्यात हिवाळ्यात लावलेली हीट मॅट, म्हणजे टँक गरम ठेवणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमानावर लगाम ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, अजून सुरू होती. साप पाण्याच्या भांड्यात बुडून बसला होता, त्याच्या नाकपुडीजवळची खवली घासून पांढरी पडली होती. म्हणजे रात्री तो झाकणाला नाक घासत बाहेर पडायची वाट शोधत होता. आणि त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते.

हे शेवटचं महत्त्वाचं. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये एक द्रव येतो. सापाच्या डोळ्यावर पापणीऐवजी पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो, त्यामुळे काही दिवस डोळा धूसर राहतो. साप त्या दिवसांत जवळपास आंधळा असतो, कातडी हुळहुळी असते, आणि तो खात नाही. मग डोळे निवळतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. डोळे निळे असताना त्याला उचलू नये, हा नियम मी सगळ्यांना आधी सांगतो.

आता भाच्याचा साप काय काय करून चुकला होता ते पाहा. लपायला जागा नव्हती म्हणून पाण्यात शिरला. मग पळून जाण्यासाठी नाक घासलं. ते कुणी पाहिलं नाही, म्हणून फुत्कारला. फुत्कारूनही वरून हात येतच राहिला, तेव्हा झेप घेतली. त्याने एकही पायरी गाळली नव्हती.

टँक मधल्या खोलीत, भिंतीच्या आडोशाला, खाली फरशीवर आणला. हीट मॅट काढली. दोन्ही बाजूंना एकेक लपण्याची जागा केली, सापाला अंग घासून जेमतेम आत शिरता येईल एवढीच, कारण मोठ्या पोकळीत त्याला आधार वाटत नाही. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावला. एका डब्यात ओलं मॉस ठेवलं. आपल्या उन्हाळ्यातली कोरडी लू कातडी चिकटवून टाकते. कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यावरचा खवला अडकून राहतो, आणि मग साप पुन्हा धूसर दिसण्याच्या फेऱ्यात अडकतो. दुपारी वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टँकच्या एका बाजूला बाहेरून टेकवायची, असं ठरलं. भाच्याने कात पडेपर्यंत त्याला हात लावला नाही. कात एकसंध निघाली, साप पहिल्यासारखा हातावर यायला लागला. स्वभाव बदलला नव्हता, तो राहत होता ती जागा बदलली होती.

नागपूरचा हिवाळा उलट्या बाजूने त्रास देतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि फरशीवरचा टँक गार पडतो. थंड सापाचे स्नायू मंद चालतात, पळून जाणं जमत नाही, म्हणून काही साप जागीच अडून फुत्कारतात. थंडीत खाल्लेलं पचतही नाही, पोटात सडतं किंवा उलटतं. हीट मॅट तेव्हा हवीच, पण थर्मोस्टॅटसह, कारण मोकळी मॅट पोटाला भाजते. बॉल पायथनचे नर थंडीच्या दिवसांत अनेकदा आठवडेच्या आठवडे खात नाहीत. वजन टिकून असेल, तर त्याला रोज उंदीर दाखवून छळू नये.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. टँकमध्ये सतत ओल आणि हवा कोंडलेली असेल तर श्वसनाचे आजार होतात. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत मिरवणुकीपासून गणपती विसर्जनापर्यंत रस्त्यावर डीजे असेल त्या दिवसांत टँक रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर हलवावा, टँकखाली जाड रबरी चटई घालावी, आणि साप उचलू नये. त्या दिवसांत तो जेवला नाही तर काळजी नको.

कधी तो आजारी असतो

दुखऱ्या अंगाचा साप बचावाच्या पवित्र्यातच असतो. खवल्यांच्या खाली किंवा डोळ्याच्या कडेला मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी तसेच ठिपके साचले, तर ते माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. त्यांच्यामुळेही साप पाण्यात बसून राहतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाका-तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाला घरघर, डोकं वर धरून बसणं, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं. हे फुत्कारणं समजून लोक ‘चिडलाय’ म्हणत आठवडा घालवतात. फरक असा: फुत्कार तुम्ही जवळ गेल्यावर येतो, तर आजाराची घरघर तुम्ही नसतानाही चालू असते. लांबून, अंधारात, कान देऊन ऐका.

हिरड्या लाल, तोंडात पांढरा-पिवळा थर, पोटावर भाजल्याच्या खुणा, एकाच जागी हात लागला की झटका, असं काही असेल तर घरचे उपाय नकोत. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कुठल्याही पशुवैद्याकडे जाण्याआधी मात्र फोन करून साप तपासतात का ते विचारावं, कारण सगळ्यांना त्याचा सराव नसतो. नेताना कापडी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून, ती हवेशीर डब्यात ठेवावी. अंधारात साप शांत राहतो.

पुन्हा जुळवून घेताना

‘घट्ट धरून ठेवा, दमला की सवय होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. दमून गप्प झालेला साप निवांत झालेला नसतो, त्याने सुटायचा प्रयत्न सोडलेला असतो. पुढच्या वेळी तो आधीपेक्षा लवकर झेप घेतो, कारण खालच्या पायऱ्यांचा उपयोग होत नाही हे त्याला तुम्हीच शिकवलेलं असतं. उलट, प्रत्येक फुत्काराला दचकून हात मागे ओढला तर फुत्कारणं कामी येतं, हेही तो शिकतो. यातून वाट एकच: फुत्काराच्या आधी थांबायचं. जीभ, मान, श्वास बघून तो अजून सैल असतानाच त्याला खाली ठेवायचं, म्हणजे दोन्ही धडे टळतात.

नवा साप आणला तर पहिला आठवडा हात लावू नये. पाणी बदलावं आणि निघून जावं. त्याने दोन-तीनदा नीट खाल्लं, मग उचलायला सुरुवात करावी. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस उचलू नये. हात वरून न आणता बाजूने, खालच्या पातळीवरून आणावा, डोकं कधीही धरू नये, शरीराच्या मधल्या आणि मागच्या भागाला दोन्ही हातांचा आधार द्यावा आणि त्याला चालू द्यावं. पाच मिनिटं पुष्कळ झाली. हात ठाम असावा. थरथरत, मागेपुढे होणारा हात सापाला जास्त घाबरवतो. ज्यांना अजून भीती वाटते त्यांनी पातळ हातमोजे घालावेत, त्यात कमीपणा नाही. दारात वही ठेवून कधी खाल्लं, कधी कात टाकली, कधी फुत्कारला, तेव्हा तापमान किती होतं एवढं लिहिलं, तर बहुतेक ‘चिडक्या’ सापांचं गणित दोन महिन्यांत उलगडतं.

तरी चावलाच, तर? बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक बिनविषारी आहेत. दात बारीक, आत वळलेले असतात. घाबरून चावलेला साप लगेच सोडतो. भुकेपोटी धरून बसलेला असेल तर ओढू नये, ओढल्याने तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात मोडून जबड्यात संसर्ग होतो. गार पाण्याची धार त्याच्या डोक्यावर सोडावी किंवा तोंडाच्या कडेला थोडं सॅनिटायझर लावावं, तो सोडतो. जखम साबण-पाण्याने भरपूर धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं. चावला नाही तरी सापाला हाताळल्यावर हात धुवावेतच, त्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात लहान लेकरं असतील तर हे कटाक्षाने पाळावं.

हे सगळं बाहेरच्या सापाला लागू नाही

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचा कुठलाही देशी साप पाळणं गुन्हा आहे, मग ती धामण असो, मांडूळ असो की दिवड. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या विदेशी प्रजातींची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकत घेताना त्याची कागदपत्रं मागावीत, आणि ‘कागदं नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

कायद्यापेक्षाही मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. वर्ष-दोन वर्षं बॉल पायथन सांभाळलेला मुलगा पावसाळ्यात अंगणात साप निघाला की पुढे सरसावतो, आपल्याला सापाची भाषा कळते या भरवशावर. ती भाषा त्याला एका बिनविषारी, टँकमध्ये वाढलेल्या सापाची कळते. घोणस फुत्कारते हे खरं, पण तिच्या झेपेचा पल्ला आणि वेग अंदाजात येत नाही. मण्यार तर बहुतेक वेळा काही इशाराच देत नाही. दिवसा ती लाजाळू, डोकं लपवणारी, पण रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. त्या चाव्याला सूज आणि वेदना इतकी कमी असते, की माणूस ‘किडा चावला असेल’ म्हणून पुन्हा झोपतो. वर सांगितलेल्या पायऱ्या तिथे शोधत बसायला वेळ नसतो.

म्हणून अंगणात किंवा घरात साप दिसला तर लांबून नजर ठेवावी, लेकरं आणि कुत्री-मांजरी दूर करावीत, आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. चावला असेल तर दोरी आवळणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, झाडपाला लावणं, मांत्रिकाकडे जाणं यातलं काहीही करू नये. अंगठ्या, बांगड्या, घट्ट कपडे काढावेत, चावलेला हात किंवा पाय शक्य तितका स्थिर ठेवावा, आणि माणसाला चालवत न नेता गाडीत घालून थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्यावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून किंवा मारून सोबत नेण्याची काही गरज नसते.